ईयोबाची पहिली दहा लेकरं

ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्याच्या मालमत्तेची मोजदाद आहे. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी. शेवटच्या, म्हणजे ४२व्या अध्यायात देव त्याची दैना संपवतो, तेव्हा ही मोजदाद पुन्हा येते आणि प्रत्येक आकडा बरोबर दुप्पट झालेला असतो. १४,००० मेंढरं, ६,००० उंट, बैलांच्या १,००० जोड्या, १,००० गाढवी. लेकरांचा आकडा मात्र दुप्पट होत नाही. आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या. वादळात घर कोसळलं आणि दहाही जणं एकदम गेली. शेवटीही सात मुलगे आणि तीन मुलीच आहेत, पण ही वेगळी दहा.

काही भाष्यकार याचा अर्थ असा लावतात की जनावरं मेली की संपली, लेकरं मात्र देवापाशी जिवंत आहेत, म्हणून आधीची दहा आणि नंतरची दहा मिळून तीही दुप्पट झालीच. ज्यांना या अर्थानं आधार मिळतो त्यांचा आधार मी काढून घेणार नाही. मलाही तो काही वेळा मिळाला आहे. पण ईयोबाच्या पंगतीत दहा पानं वाढायची राहिलीच, हेही तितकंच खरं. देवानं त्याला सोडवलं, पुन्हा उभं केलं, आधीपेक्षा जास्त दिलं, आणि तरीही गेलेल्यांपैकी एकही त्या घरात परत आला नाही. पवित्र शास्त्र ही गोष्ट झाकून ठेवत नाही, आकड्यांनीच सांगतं. संकटात देवावर भरवसा ठेवण्याविषयी जे काही बोलायचं ते हे आकडे समोर ठेवून बोलावं, असं मला वाटतं.

तुमच्या हातातल्या या पुस्तकात चार प्रकारचं वाचन एकत्र आणलं आहे. विलापाची स्तोत्रं, ईयोब आणि यिर्मया यांतले निवडक भाग, पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातले काही प्रसंग, आणि आपल्यातल्याच काही माणसांच्या साक्षी, नावं गाळून. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या साथीच्या दोन वर्षांनी आपल्या मंडळ्यांमधली किती घरं मोकळी केली ते वेगळं सांगायला नको. मातीला चार माणसं जमणंही कठीण होतं, मग सांत्वनाला कोण जाणार? त्या वेळी न झालेलं रडणं अजून अनेक घरांत तसंच कोंडून राहिलं आहे. हे वाचन मुख्यतः त्या घरांसाठी निवडलं. पण दुःख काही साथीची वाट पाहत नाही. कॅन्सर आहे, कर्ज आहे, मूल न होणं आहे, नवऱ्याची दारू आहे, शेतात उभं पीक झोपणं आहे. ज्याच्या त्याच्या घरी जे आहे ते घेऊनच त्यानं हे पुस्तक उघडावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती न बोलल्यानं माणसं देवापासून तुटलेली मी पाहिली आहेत. आपल्या प्रार्थना सभांमध्ये आजारी माणसाला "तुमचा विश्वास कमी पडतोय" असं सांगण्याची एक पद्धत पडून गेली आहे. मूल दगावलेल्या आईला तासाभराच्या आत "देव जे करतो ते भल्यासाठीच" असं ऐकवलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला ती शांतता सहन होत नाही, म्हणून तो बोलतो. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आले तेव्हा ते त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक अक्षरही बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते ईयोबाला पटवत राहिले की चूक तुझीच असली पाहिजे, एरवी देव असं करेल कसा? त्यांची भाषा धार्मिक आहे, देवाची बाजू घेणारी आहे. ईयोबाची भाषा त्यांच्यापुढे उद्धट वाटते. तो देवाला जाब विचारतो, स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही बोललात, असं तो त्यांना सुनावतो. दुःखी माणसाला गप्प करणाऱ्या प्रत्येकानं ते सुनावणं एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांमध्ये सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे. स्तुतिगीतांच्या या पुस्तकात रडगाणी इतकी का, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. आता वाटतं, ती नसती तर स्तुतिगीतांवर कुणी विश्वास ठेवला नसता. १३वं स्तोत्र "आणखी किती काळ?" असा अर्थ असलेला प्रश्न एकापाठोपाठ चार वेळा विचारतं आणि मगच भरवशाच्या बोलीवर येतं. बहुतेक विलापस्तोत्रांची वाट अशीच आहे. आधी तक्रार, मग मागणी, आणि कुठेतरी मध्येच, काहीही बदललेलं नसताना, सूर पालटतो. शत्रू दारातच आहे, ताप उतरलेला नाही, तरी गाणारा देवाचे उपकार मानू लागतो. ८८व्या स्तोत्रात मात्र तो पालट नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते काढून टाकलं नाही, त्याला चांगला शेवट चिकटवला नाही. पण त्यातही गाणारा बोलतोय तो देवाशीच. देवाकडे पाठ करून तो कुणा दुसऱ्याशी बोलत नाही. एवढाच धागा त्या स्तोत्रात शिल्लक आहे आणि मी त्यालाच भरवसा म्हणतो.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. देवाशी भांडायची रीत आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर शेकडो वर्षं रुळलेली आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई त्याला खडसावते, आणि त्या रुसण्या-खडसावण्याला आपण कधी नास्तिकपणा म्हटलं नाही. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, मूल गेलं. त्यांचं देवाशी असलेलं नातं त्या आगीतूनच बाहेर पडलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. त्या पुलाखालून कोणतं पाणी वाहत होतं, हे दुःखाच्या दिवसांत जास्त कळतं. तेव्हा विलापस्तोत्र वाचताना ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आपल्याच भाषेची आठवण ठेवावी. देवापुढे ओरडणं ही आपल्या मातीतली भक्ती आहे.

आता रमाबाईंविषयी. या पुस्तकात त्यांना एवढी पानं का दिली, असं संपादनाच्या वेळी काहींनी विचारलं. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदनाच्या आणि मुक्ती मिशनच्या संस्थापक म्हणून त्या शाळेच्या पुस्तकातही भेटतात. पण भुकेचा अनुभव घेतलेली बाई म्हणून त्या फारशा कुणाला भेटत नाहीत, आणि आपल्या विषयासाठी नेमकी तीच बाई महत्त्वाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुढे कुटुंबाचं सगळं वैभव आल्यागेल्याच्या पाहुणचारात संपलं आणि ते सारे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी ना जमीन होती, ना धंदा, ना हाताचं काम करायची सवय. होतं ते विकून संपलं. तांब्या-पितळेची भांडी गेली, दागिने गेले, धान्य गेलं. मग हे कुटुंब तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरलं आणि झाडपाल्यावर, रानखजुरांवर दिवस काढू लागलं. वडील म्हातारे, दृष्टी गेलेली. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि एकेका लेकराला जवळ घेऊन निरोप दिला. रमाबाईंना कुशीत घेऊन ते म्हणाले की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही जीव देऊ नका, असं तो म्हणाला. वडिलांनी जलसमाधीचा बेत सोडला, पण शरीर थकलं होतं. थोड्याच दिवसांत ते गेले.

त्यानंतर आई. ती भुकेनं अंथरुणाला खिळली होती. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलेला एक प्रसंग मी अनेकदा वाचला आणि दर वेळी त्यापुढे सरकायला वेळ लागला. आईनं भाकरीचा तुकडा मागितला. घरात काही नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी, संस्कृतात हजारो श्लोक तोंडपाठ असलेली, शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. भीक मागायची लाज जिभेवर बसली होती. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं. त्या बाईनंच तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा छोटा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन ती धावत आली तेव्हा आईला शुद्ध नव्हती. तुकडा खाल्ला गेलाच नाही. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली, तिसरा भाऊ, चौथी रमा. ती उंचीनं कमी पडत होती, खांदा पुरेना, म्हणून तिनं आपल्या बाजूचा बांबू डोक्यावर घेतला आणि आईला स्मशानापर्यंत नेलं.

बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दिवस पालटले असं वाटावं अशी ही वेळ. पण १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर जाऊन लग्न केलं. १८८१मध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या सुरुवातीला कॉलऱ्यानं बिपिनबाबूंना नेलं. चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळी संपली होती. कडेवर एक तान्ही मुलगी उरली.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. श्रीनिवास मरताना बहिणीच्या काळजीनं व्याकूळ होता. रमाबाईंनी त्याला धीर दिला की देवाखेरीज आपली काळजी घेणारं दुसरं कुणी नाही. तो म्हणाला, देव काळजी घेत असेल तर मला भीती नाही. तोवर दोघांनीही ख्रिस्ताचं नाव घेतलं नव्हतं. दगडाच्या मूर्तींवरचा त्यांचा विश्वास भुकेच्या वाटेवर झडून गेला होता, आणि जो देव उरला होता तो कोण, हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं. भरवसा माहितीच्या आधी येतो याचं याहून उघड उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे सिल्चरला रमाबाईंच्या हाती बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान पडलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ती वाट पुढेही बरीच वर्षं चालू राहिली. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्या सिद्धांतांवरून वाद घालत होत्या, जे पटत नव्हतं ते पटत नाही असं लिहून कळवत होत्या. इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत गेल्यानं तेही सुटलं. आपण त्यांचं आयुष्य शेवटाकडून वाचतो म्हणून त्याला एक रेघ दिसते. जगताना ते एकेक दार बंद होत गेलेलं आयुष्य होतं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातंय या आरोपावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद झाकण्यात अर्थ नाही. आरोप करणाऱ्यांमध्ये द्वेष करणारे होते तसे खरोखर दुखावलेलेही होते. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणावर जबरदस्ती केली नाही, पण माझ्या खोलीत मी प्रार्थना करताना दार लावून घेणार नाही. माझा कल रमाबाईंकडे आहे, हे वाचकापासून लपवण्याचं कारण नाही. पण आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं हे की ज्या शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्याच शहरात त्या पुन्हा एकट्या पडल्या.

यिर्मयाच्या ३२व्या अध्यायात एक व्यवहार नोंदवला आहे. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमाला वेढा दिलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आलाय आणि त्यापायी तो पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातलं शेत! यिर्मया ते १७ शेकेल चांदी मोजून घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. आशा आहे असं तो नुसतं म्हणाला असता तर त्याला काही खर्च आला नसता. त्यानं चांदी तोलून दिली. ते शेत त्यानं स्वतः कधी नांगरलं असं शास्त्रात कुठे नाही.

रमाबाईंनीही १८९०च्या दशकाच्या मध्यात पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, केडगावला शंभर एकर माळरान घेतलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८ला संपणार होती. तोवर फळझाडं लागावीत आणि सदनाचा खर्च त्यातून निघावा, असा सरळ हिशेब. विहिरी खोदल्या, झाडं लावली. झाडांना फळ धरायच्या आत १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या त्यांनी वाचल्या आणि आपली आई, आपले वडील, तो बाजरीचा तुकडा सगळं वर आलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मी जोडत नाही. हाती पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या, अंगभर फोड आलेल्या मुली आणि तरुण विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता, सरकारनं सदनात जास्त मुली ठेवायला मनाई केली. मग त्यांना नेलं ते केडगावच्या त्या माळावर. मुक्ती असं नाव पडलं ते या मुलींमुळे. १९००मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या आणि संख्या जवळपास दोन हजारांवर गेली.

त्या दिवसांत रमाबाई ब्रिस्टॉलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि पॅसिफिक बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रं वाचत होत्या. माणसांपुढे हात न पसरता देवापाशी मागायचं, हा धडा त्यांनी तिथून घेतला. पण मुक्तीत नुसती प्रार्थना चालत होती अशी कुणाची समजूत असेल तर ती पुसून टाकावी. तिथे विणकाम होतं, तेलघाणा होता, गोठा होता, शेती होती, छापखाना होता आणि तो बायकाच चालवत होत्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची शाळा होती. मनोरमाबाईंनी त्यासाठी स्वतः ब्रेल शिकून घेतली. पाऊस नसताना विहिरींचा तळ दिसू लागला की सगळं मुक्ती प्रार्थनेला बसे, आणि सकाळी पाणी आलेलं असे, अशा आठवणी तिथल्या लोकांनी लिहिल्यात. मी त्या खऱ्या मानतो. त्याचबरोबर हेही मानतो की त्या विहिरी आधी कुणीतरी खोदल्या होत्या.

आता ईयोबाकडे परत यायला हवं, कारण ४२व्या अध्यायात अजून दोन गोष्टी आहेत ज्यांकडे आपलं लक्ष आकड्यांच्या नादात जात नाही. पहिली ही की ईयोबाची दैना फिरली ती त्यानं आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा. ज्यांनी त्याला दोष दिला त्यांच्यासाठी. त्या क्षणी त्याच्या अंगावरचे फोड बरे झाले होते की नव्हते, शास्त्र सांगत नाही. जनावरं तर आलेली नव्हतीच. म्हणजे पुन्हा उभं राहण्याची सुरुवात त्याला काही मिळण्यानं झाली नाही, त्यानं दुसऱ्याकडे तोंड वळवण्यानं झाली. दुसरी गोष्ट मुलींची. नंतरच्या सात मुलग्यांची नावं पुस्तकात नाहीत, पण तिन्ही मुलींची आहेत, यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूख. आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वारसा दिला. त्या काळात, त्या समाजात, हे करायचं कुणाला सुचत नव्हतं. ज्याची लेकरं एका दिवसात गेली त्यालाच ते सुचलं. दुःखानं त्याची नजर बदलली होती, असंच मला वाटतं.

रमाबाईंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. त्यांचे आईवडील परत आले नाहीत. तो भाकरीचा तुकडा आईच्या तोंडात कधीच गेला नाही. पण बावीस-तेवीस वर्षांनी हजारो परक्या मुलींच्या तोंडात भाकरी गेली, त्यांना नाव मिळालं, अक्षर मिळालं, हाताला काम मिळालं. देव आपल्याला पुन्हा उभं करतो म्हणजे काय, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन गोष्टींमधून आलं आहे. गेलेलं माणूस तो या जगात परत देत नाही. त्या जागी जे देतो ते बहुधा आपल्या एकट्यासाठी नसतं. ज्यानं फक्त स्वतःचं नुकसान भरून मागितलं त्याची झोळी अनेकदा रिकामी राहिलेली दिसते, आणि ज्यानं आपल्यासारख्याच दुसऱ्या भुकेल्याचं दार ठोठावलं त्याला स्वतःचं दार कधी उघडलं हेही कळलं नाही.

हे लिहितानाही मला भीती वाटते की याचंही कुणी सूत्र करील. दुःखी माणसाला लगेच सेवेला जुंपायचं, असा अर्थ कृपया काढू नये. रमाबाईंच्या दुष्काळापासून मुक्तीच्या दुष्काळापर्यंत वीस वर्षांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात त्या चुकल्या, भांडल्या, शिकल्या, रडल्या. आणि शेवटही गोड झाला नाही. मनोरमा, उरलेलं एकमेव माणूस, आईच्या कामाची धुरा जिच्या खांद्यावर यायची ती, जुलै १९२१मध्ये गेली. म्हाताऱ्या आईच्या आधी. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळावं अशा मराठीत. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. पुढचं वर्ष उलटायच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात छापलं जाऊन १९२४ साली बाहेर आलं. रमाबाईंनी ते पुरं छापलेलं पाहिलं नाही, जसं यिर्मयानं आपलं शेत कधी नांगरलं नसावं.

पुस्तकाच्या शेवटच्या भागातल्या साक्षींविषयी दोन शब्द. आपल्याकडे साक्ष म्हटली की ती बरं झालेल्याची, सुटका झालेल्याची असते. आजार गेला, नोकरी लागली, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. अशा साक्षी या पुस्तकात आहेत आणि त्या देवाच्या उपकारानंच आहेत. पण काही साक्षी अशाही घेतल्या आहेत ज्यांत आजार गेला नाही. एका बाईंचा नवरा आठ महिने अंथरुणावर होता, मंडळीनं उपास केले, आणि तो गेला. त्या बाई अजून रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसतात. "मला उत्तर मिळालं नाही, पण ज्याला विचारलं त्याला मी सोडलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. ही साक्ष काढून टाकावी, वाचणाऱ्याचा धीर सुटेल, असं सुचवलं गेलं. मी ती ठेवायचा आग्रह धरला. ८८वं स्तोत्र शास्त्रात राहिलं असेल तर या बाईंनाही पुस्तकात जागा असली पाहिजे.

आणि औषधाविषयी. या पुस्तकातली कुठलीही प्रार्थना डॉक्टरांच्या औषधाऐवजी नाही. लूक, ज्याचं शुभवर्तमान रमाबाईंना पहिल्यांदा भेटलं, तो स्वतः वैद्य होता असं पौल लिहितो. मन खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर पाळकांशी बोला तसंच मानसोपचारतज्ज्ञांशीही बोला. अनंतशास्त्र्यांना जलसमाधीच्या काठावरून परत आणलं ते मुलाच्या एका वाक्यानं. तुमच्या घरात कुणी त्या काठावर उभं असेल तर ते वाक्य बोलायला उशीर करू नका.

वाचनाचा क्रम वाचकानं आपला आपण ठरवावा. ज्यांच्या घरात दुःख अजून ताजं आहे त्यांनी ईयोबाच्या शेवटच्या अध्यायापासून किंवा बरं झालेल्यांच्या साक्षींपासून सुरुवात करू नये, अशी माझी विनंती आहे. त्यांनी ८८वं स्तोत्र घ्यावं, मोठ्यानं वाचावं, आणि त्या दिवशी तेवढंच वाचून पुस्तक मिटावं. सांत्वनाला जाणाऱ्यांनी हे पुस्तक खिशात ठेवावं, हातात नको. आधी डबा न्यावा, मुलांना शाळेत सोडून यावं, दवाखान्यात रात्रीची पाळी धरावी. घरच्यांनी स्वतःहून काही वाचा म्हटलं, तरच उघडावं.